मज्जारज्जूभोवतीचे हाड

मज्जारज्जूवर तीन आवरणे असतात आणि त्यांपैकी मधले, कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम आवरण म्हणजे अॅरॅक्नॉइड. उतारवयात त्यावर कॅल्शियमचे बारीक ठिपके आढळणे नवलाचे नाही. त्यांचा सहसा त्रासही होत नाही. परंतु दीर्घकाळच्या दाहानंतर तिथे खरोखरचे हाड तयार झाले, तर मज्जारज्जू किंवा त्याच्या खालच्या नसा आवळल्या जातात. अॅरॅक्नॉयडायटिस ऑसिफिकन्स हा तो दुर्मीळ विकार गुहागरच्या माझ्या थोरल्या काकांना झाला आहे.

काका तरुणपणी माडावरून पडले होते आणि तेव्हा त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी आगर सांभाळले; नंतर पाय जड पडू लागले, तोल जाऊ लागला, पुढे लघवीही अडू लागली, तरी घरात सर्वांनी वयालाच बोल लावला. मणक्यावरची शस्त्रक्रिया, जबर मार, आवरणांतील रक्तस्राव, मेंदूच्या आवरणांचा क्षयरोग किंवा पूर्वी मायलोग्राफीसाठी (मज्जारज्जूच्या एक्स-रे तपासणीसाठी) पाठीत टोचले जाणारे आयोफेन्डिलेट हे तेलकट औषध, यांपैकी काहीही या विकाराच्या मुळाशी असू शकते आणि मधे दशके उलटलेली असू शकतात.

काकांच्या एमआरआयमध्ये नसा एकमेकींना चिकटल्याचे दिसले, हाड मात्र ओळखू आले नाही. एमआरआयवर असे हाड कधी काळे, तर आत हाडाचा मगज असल्यास चरबीसारखे उजळ दिसते, म्हणून ते नजरेतून सुटते. कोल्हापूरच्या न्यूरोसर्जननी पाठीवरचा जुना व्रण पाहून सगळी हकीकत विचारली आणि साधा सीटी स्कॅन करायला सांगितला. त्यात मणक्यांच्या पोकळीतील हाडाची पांढरी चकती स्पष्ट दिसली.

माडावरून, आंब्यावरून पडलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत आणि त्यांचे दवाखान्याचे कागद पावसाळी ओलीत कुजून जातात. त्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत आणि पाय बधिर होऊ लागल्यास जुनी दुखापत डॉक्टरांना आपणहून सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हाड नसांना घट्ट चिकटलेले असल्याने ते सोलून काढताना नसांनाच इजा होण्याची भीती असते. म्हणून काकांचे सध्या फिजिओथेरपी आणि औषधांवर चालले आहे. पायांतील शक्ती आणखी कमी होऊ लागली, तरच मणक्याची मागची कमान काढून दाब कमी करण्याचा विचार होईल.