नाताळच्या आधीचे चार रविवार

भुसावळला थंडी पडली की आमच्याकडे दोन गोष्टी सुरू होतात, शेतातल्या भरीत पार्ट्या आणि आगमनकाळ. यातली पहिली सगळ्यांना माहिती, दुसरी विचारली तर लोक म्हणतात अरे म्हणजे नाताळच ना? नाही हो. येशूच्या जन्माची वाट पाहायचा काळ, नाताळच्या आधीचे चार रविवार, ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारपासून धरायचे, म्हणून कधी पूर्ण चार आठवडे मिळतात तर कधी फक्त २२ दिवस, २०२३ ला असंच झालं, चौथा रविवार नि नाताळची आदली संध्याकाळ एकाच दिवशी!

घरी चार मेणबत्त्यांचं चक्र करतो, दर रविवारी एक लावायची, तीन जांभळ्या, एक गुलाबी, ती तिसऱ्या रविवारची, आनंदाची. ही पद्धत जर्मनीतली, हॅम्बुर्गला विकर्न नावाच्या पाळकांनी १८३९ मध्ये गरीब पोरांसाठी सुरू केली, कारण ती रोज विचारायची नाताळ कधी येणार. तिकडे सूचीपर्णी फांद्या लावतात, आपल्याकडे कुठून आणणार, मी अशोकाची पानं लावते, ती चार दिवसात सुकतात मग परत नवीन.

जांभळा रंग पश्चात्तापाचा. म्हणजे फराळ, खरेदी नंतर, आधी मन साफ. गेल्या वर्षी मी ठरवलं की जावेशी अबोला सोडायचा, आणि पहिली मेणबत्ती लागली, दुसरी लागली, फोन काही झाला नाही. तिसऱ्या रविवारी तिचाच आला, "वांगी पाठवू का गं भरताची?"