आमची वाटचाल : कास्टिंग ते वीरगळ

उद्यमनगरातल्या गाळ्यात आम्ही स्कॅनर आणला तो फाउंड्रीवाल्यांसाठी. पंपाचं जुनं केसिंग यायचं, ड्रॉइंग हरवलेलं. ते स्कॅन करून थ्रीडी मॉडेल द्यायचं, त्यावरून पॅटर्न, म्हणजे कास्टिंगचा (ओतकामाचा) साचा ज्यावरून घडवतात तो नमुना. कोल्हापुरात या कामाला तोटा नाही.

मग करवीर तालुक्यातल्या एका तरुण मंडळानं विचारलं, देवळामागचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) पावसापाण्यात झिजताहेत, त्यांची नोंद करून द्याल का? मशीन तेच, पण सवयी बदलाव्या लागल्या. चकाकत्या पार्टवर आम्ही पांढरा स्प्रे मारतो, स्टिकर चिकटवतो. दगडाला यातलं काही लावायचं नाही. उन्हात स्कॅनरचा प्रकाश फिका पडतो, म्हणून काम दिवस मावळल्यावर. मोठ्या शिल्पाला फोटोग्रामेट्री, म्हणजे चहूबाजूंनी काढलेल्या फोटोंवरून थ्रीडी मॉडेल : प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा 60 ते 80 टक्के भाग यायला हवा आणि शेजारी मोजपट्टी हवीच. नाहीतर मॉडेल देखणं होतं, माप मात्र कळत नाही.

शेंदराचा थर जाड असेल तर स्कॅनर शेंदूरच मोजतो. तो खरवडा, असं आम्ही सांगत नाही. तो निर्णय जाणकारांचा आणि गावाचा.

खरी गंमत स्क्रीनवर, रंग काढून टाकलेल्या मॉडेलवर तिरका उजेड पाडल्यावर. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, चंद्र-सूर्य. स्क्रीनकडं बघून एक आजोबा म्हणाले, "आरं, ह्येच्या हातात ढाल हाय की!" दगडावर ती बोटालाही लागत नव्हती.

हात आणि धड यांच्यामधल्या खोबणीत कॅमेरा पोचत नाही, तिथं मॉडेलला भोक राहतं. सॉफ्टवेअर एका क्लिकवर ते बुजवतं. कास्टिंगमध्ये ते चालतं, शिल्पात ती बनवाबनवी. "तेवढं नाक नीट करून द्या" म्हणणारे भेटतातच. शोभेची प्रत हवी तर वेगळी करून देतो. नोंदीच्या फाइलीत तुटलेलं नाक तुटलेलंच.

पोट अजून कास्टिंगवरच भरतं, हे खरं. संरक्षित स्मारकात पुरातत्त्व खात्याची परवानगी हातात आल्याशिवाय स्टँडही उघडत नाही, त्यामुळं तारखा लांबतात.

मॉडेलसोबत सगळे मूळ फोटोही देतो. पुढं सॉफ्टवेअर सुधारलं की त्यांतूनच जास्त बारीक मॉडेल निघेल. हार्डडिस्क दोन : एक गावात, दुसरी नदीपासून लांब. 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्यांना कारण सांगावं लागत नाही.