दहातले ते नऊ जण

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत ना, ज्यांना येशू बरं करतो आणि त्यातला एकच जण परत येऊन पायाशी पडतो, ती गोष्ट आम्हा ख्रिस्ती लोकांना संडे स्कूलपासून पाठ असते. आणि शिकवण दर वेळी तीच, त्या एकासारखे कृतज्ञ व्हा. बरोबरच आहे ते. पण मला आजकाल त्या एकापेक्षा बाकीचे नऊ जास्त आठवतात. ते आले नाहीत, आभार नाही, काही नाही, सरळ निघून गेले. येशूने विचारलं नक्की, दहा जण शुद्ध झाले ना, मग नऊ कुठे आहेत? म्हणजे त्यालाही ते जाणवलं. पण म्हणून त्याने त्यांचं बरं होणं परत घेतलं असं कुठेही लिहिलेलं नाही. नऊच्या नऊ जण आपापल्या घरी गेले असतील, किती वर्षांनी पोरांना जवळ घेतलं असेल, आणि हे सगळं ज्याच्यामुळे झालं त्याचं नावही नंतर कुणी घेतलं नसेल.

निरपेक्ष प्रेम म्हणतात ते मला या नऊ जणांमुळे जास्त कळतं.

आपल्या विदर्भात कुष्ठरोग म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतःच्या हाताने धुवायचे, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं, मग वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन, इकडे अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनचा दवाखाना. आता गोळ्या आहेत, सहा महिने ते वर्षभराच्या कोर्सने रोग बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, पण त्या काळी नुसतं जवळ बसणं म्हणजे सुद्धा केवढी हिंमत लागत असेल. यातले कोण ख्रिस्ती होते अन् कोण नव्हते हे मी मोजत बसत नाही. प्रीती ही काही आम्हा चर्चवाल्यांची खाजगी इस्टेट नाही, उलट कितीतरी वेळा दुसऱ्यांनी ती आमच्यापेक्षा चांगली करून दाखवली आहे हे मोकळेपणाने मान्य करायला पाहिजे.

आमच्या चर्चची तरुण मुलं अन् काही मोठी मंडळी मिळून नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, बाहेर पेशंटच्या नातेवाईकांना जेवण देतात. तिथे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, पार बालाघाट-छिंदवाड्याहून लोक आलेले असतात, पेशंट आत वॉर्डात आणि घरचे बाहेर झाडाखाली सतरंजी टाकून. एक काका होते, दर वेळी लाईनमध्ये असायचे आणि दर वेळी तक्रार. "काऊन भाऊ, आज बी खिचडीच का? अन् मीठ त नाहीच याच्यात." आमचा एक पोरगा वैतागला, म्हणे फुकटचं खातात अन् वरून नखरे. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, सकाळी पाच वाजता उठून त्यानेच कांदे चिरले होते.

तर आमच्यातल्या एक मावशी, त्या कुठल्या कमिटीवर नाहीत, चर्चमध्येही मागच्या बाकावर बसतात, त्या काहीच बोलल्या नाहीत. कागदाची पुडी करून मीठ घेऊन आल्या, काकांच्या प्लेटवर स्वतः चिमटीने टाकलं, आणि बाजूलाच सतरंजीवर बसून विचारलं, "आता पहा बरं, जमलं का?" मग बोलता बोलता कळलं की बायको आत भरती आहे, आणि घरी असती तर तीच ताट वाढते, मीठ-मिरची सगळं तिच्या अंदाजाने. पुढच्या वेळी मावशींनी घरचं लिंबाचं लोणचं आणलं एका डब्यात. काकांनी खाल्लं, चांगलं झालं असं काही म्हणाले नाहीत, उलट म्हणाले थोडं आंबटच आहे. मावशींनी डबा तिथेच ठेवून दिला त्यांच्यासाठी.

बायबलमधला करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आमच्याकडे प्रत्येक लग्नात वाचतात, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, अपकार स्मरत नाही वगैरे. नवरा-नवरी स्टेजवर गोड दिसत असतात आणि ऐकायलाही छान वाटतं. पण ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते लग्नासाठी लिहिलेलं नाहीच, तो करिंथच्या एका भांडकुदळ मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहीत होता, जिथे गट पडले होते, एकमेकांवर कोर्टात केसेस चालल्या होत्या, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र करायच्या भोजनाला, श्रीमंत आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. त्या लोकांना त्याने ते सांगितलं. म्हणून मला तो अध्याय त्या मिठाच्या पुडीत जास्त दिसतो.

आता एक गोष्ट जी बोलायला जरा जड आहे पण बोललीच पाहिजे. आपण सेवा करतो, जेवण देतो, दवाखान्यात भेटायला जातो आणि मनात कुठेतरी असतं की हा माणूस एक दिवस चर्चला येईल. यावा असं वाटणं वेगळं, मला येशू मिळाला तर तो दुसऱ्यालाही मिळावा असं वाटणारच, त्यात लपवायचं काय. पण तो आला नाही म्हणून पुढच्या वेळी आपली पावलं हळू पडायला लागली, फोन कमी झाला, तर मग ती अट होती, आधीपासूनच होती, फक्त आपण ती सांगितली नव्हती. आणि समोरच्याला हे बरोबर कळतं. गरीब माणसाला तर लवकर कळतं, त्याला आयुष्यभर अटींसोबतच सगळं मिळालेलं असतं.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला, इथे शाळा काढली, गोंड लोकांची भाषा-गाणी-कथा लिहून ठेवल्या, जमिनीतले जीवाश्म गोळा केले. धर्म सांगायलाच आला होता, ते काही झाकलेलं नाही. १८६३ मध्ये टाकळघाटच्या बाजूला पाणी ओलांडताना बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज सुरू झालं १८८३ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर वीस वर्षांनी. आज त्या हिस्लॉप कॉलेजमधून शिकून गेलेल्या नागपूरकरांत बहुतेक सगळे ख्रिस्ती नाहीत, आणि मला वाटतं हे फार चांगलं आहे. शिकले, मोठे झाले, आपापल्या वाटेने गेले. त्या नऊ जणांसारखेच.

आणि दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा रस्तोरस्ती जे जेवणाचे स्टॉल लागतात ना, ते पाहायला मी मुद्दाम जातो. कोण कुठला, कुठल्या गावचा, कुणी विचारत नाही, हातात प्लेट येते, चला पुढे. एका स्टॉलवर एक बाई प्रत्येकाला "अजून घ्या ना जी" म्हणत होती, लाईन एवढी मोठी अन् तरी प्रत्येकाला म्हणत होती. चर्चमध्ये खूप संदेश ऐकले पण ते "अजून घ्या ना जी" माझ्या मनात बसलंय.

येशूने वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितलं तेव्हा कारण काय दिलं, की देव चांगल्यांवर आणि वाइटांवर दोघांवरही सूर्य उगवतो आणि पाऊस पाडतो. नागपुरात सूर्याचं कुणाला कौतुक नाही, पण ज्याने ४५ डिग्रीचा मे महिना काढला त्याला पाऊस म्हणजे काय हे बरोबर माहीत आहे. पहिला पाऊस येतो तो सगळ्याच स्लॅबवर पडतो, आपल्याशी पार्किंगवरून भांडणाऱ्याच्या पण. त्याच्या घराला वगळून पाऊस पडावा असं देवाला म्हणता येत नाही, मग मी चहाला बोलवताना त्याला का वगळायचं?

करायचं कसं हे विचाराल तर माझ्याकडे मोठी पद्धत नाही. जो माणूस डोक्यात जातो त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करायची, "त्याला सुबुद्धी दे" अशी नाही, ती प्रार्थनेच्या आडून केलेली तक्रार असते. त्याच्या पोराची परीक्षा, त्याच्या आईचे गुडघे, त्याची नोकरी, असं त्याच्या आयुष्यातलं काहीतरी खरं मागायचं. त्यासाठी आधी ते माहीत करून घ्यावं लागतं, आणि माहीत करून घेता घेताच अर्धा राग उतरतो. आणि जे केलं त्याचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. एवढंच.

पण मग लोक फायदा घेतील त्याचं काय, हा प्रश्न येतोच आणि तो खरा आहे. माझा मामेभाऊ दारू पितो. आमच्या घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय की त्याच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, एक रुपया पण नाही, आणि यावरून नातेवाईकांनी मला ऐकवलं की कसले रे तुम्ही ख्रिस्ती. तर येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप पोराला संपत्तीतला वाटा देतो, जाऊ देतो, पण तो दूर देशात उधळपट्टी करत असताना मागून आणखी पैसे पाठवत नाही. वाट पाहतो. आणि पोरगा परत येताना अजून लांब असतानाच, त्याने माफीचं पाठ केलेलं वाक्य बोलायच्या आधीच धावत सुटतो. पैसे न देणं आणि धावत जाणं हे एकाच बापाने केलंय. आम्ही पैसे देत नाही, पण तो प्यायलेला असला तरी घरी आणून झोपवतो, आजारी पडला तर डॉक्टरकडे नेतो, व्यसनमुक्ती केंद्रात एकदा जाऊन आला, परत जायचं म्हणाला तर परत सोबत जाऊ. तो सुधारला तर आनंदच आहे. नाही सुधारला तरी तो भाऊच आहे.

मामी परवा विचारत होती की असं किती दिवस चालायचं, तर मी तिला म्हटलं त्याचा हिशोब आपण ठेवायलाच नको. येत्या रविवारी उपासनेनंतर त्याला घरी मटण खायला बोलावलंय. येतो म्हणालाय. नाही आला तर डबा घेऊन मीच जाईन.