आज रेवाच्या खुराला वास नव्हता

आज सकाळी रेवाचा, म्हणजे माझ्या घोडीचा, मागचा डावा पाय उचलला, हूफ पिक (खूर साफ करायचा आकडा) फिरवलं आणि रोजच्यासारखं नाक जवळ नेलं तर वास नाही. म्हणजे लिदीचा होता, चिखलाचा होता, पण तो सडका वास नव्हता. पाच आठवडे याची वाट बघत होते, तिथेच मातीत बसले आणि दोन मिनिटं तिचा पाय तसाच मांडीवर धरून ठेवला.

लिहून ठेवतेय कारण पुढच्या पावसाळ्यात लागेल.

रेवा सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतली, तापीकाठच्या कोरड्या रानातली घोडी, आली तेव्हा खुरं दगडासारखी टणक होती, म्हणून नाल न मारता अनवाणीच ठेवायचं ठरवलं. पण मावळातला पाऊस तिने कधी बघितलाच नव्हता. जुलैत झड लागली, दहा-बारा दिवस तिला बाहेर काढताच आलं नाही, तबेल्यात ओला पेंढा, लीद, मूत आणि त्यातच ती उभी. वास यायचा पण मला वाटायचं तबेल्याचाच आहे. मग एक दिवस हूफ पिकच्या टोकाला काळपट चिकट घाण आली, खुराच्या तळाला मधे जो रबरासारखा त्रिकोणी भाग असतो ना, फ्रॉग, त्याच्या मधल्या चिरेत पिक इंचभर आत गेलं आणि रेवाने पाय झटकन ओढून घेतला. तिथे खरं तर अंगठा टेकवल्यासारखा उथळ खळगा असायला हवा.

मोतद्दार मामा म्हणाले, "ताई, घोडीला चिखल्या झाल्यात." दिसायला अगदी तसंच. पण आपल्या माणसांच्या चिखल्या बुरशीच्या, आणि रेवाला झालेला थ्रश, म्हणजे फ्रॉग सडण्याचा आजार, हे मुख्यतः हवा न लागणाऱ्या जागी वाढणाऱ्या जंतूंचं काम, म्हणून ते खोल चिरेत लपून बसतात आणि वरवर औषध लावून हाती काही लागत नाही, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्याआधी माझ्याकडून चूक झाली होती. मामांच्या घरी मेंढरं, मेंढरांच्या खुरांना मोरचुदाचं पाणी करतात हे त्यांना माहीत, मी ते चांगलं घट्ट करून सरळ चिरेत ओतलं. आत जिवंत मांस उघडं होतं, तिला केवढं झोंबलं असेल. त्यानंतर चार दिवस ती मला पाय देईना, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी मोरचूद बंद केलं, आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं (त्याचे जंतू मातीत आणि लिदीतच असतात आणि घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो), मेलेला लोंबणारा फ्रॉग कापून काढला आणि पातळ केलेल्या बीटाडीनमध्ये बुडवलेला कापूस चिरेत भरायला सांगितलं. मी समईची वात वळतो तशी वात वळते, पिकाच्या पाठीने हळूच आत सरकवते, रोज नवी.

पण माझं ठाम मत झालंय की निम्मं काम औषधाने झालंच नाही, ते मुरमाने केलं. दोन ट्रॉल्या मुरूम आणला, ती गव्हाणीपाशी आणि पाण्यापाशी जिथे सगळ्यात जास्त उभी असते तिथे पसरला, उतार काढला, बाजूने चर खणला. पेंढ्याऐवजी लाकडाचा कोरडा भुसा, लीद दिवसातून दोनदा उचलायची. आणि उघडीप मिळाली की लगेच चाळीस मिनिटं रस्त्यावर चालवायचं. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बघितलं तर ती पुढचं टोक आधी टेकत होती, टाचा दुखतात म्हणून टाच टेकत नाही, टाच टेकत नाही म्हणून टाचा आवळत जातात आणि चीर अजून खोल होते, असं ते चक्र. त्यात खुरं कापायला मी दहा आठवडे लावले होते, टाचा इतक्या वाढल्या की फ्रॉग जमिनीला लागतच नव्हता. एक नालबंद म्हणाले नाल ठोकून घ्या, सगळं थांबेल. नाही पटलं, नालेने तर फ्रॉग जमिनीपासून अजून वर उचलला जातो. आता दर पाच आठवड्यांनी कानस फिरवायचीच, पाऊस असो नसो.

काल परत व्हिडिओ काढला, टाच आधी टेकतेय. रस्त्यावर टापांचा आवाजसुद्धा बदललाय, मामांनाही जाणवला.

मागच्या उजव्या पायातली वात अजून ओलसर निघतेय, उद्या परत भरायची. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झालीय. मघाशी टॉर्च मारून बघून आले, मुरमावर पाणी थांबलेलं नाही, रेवा मागचा एक पाय सैल सोडून कोरड्यात झोपलीय.