देरूताची मायोलिका: ताटाची पाठ आणि तिसरी खेप

मायोलिका म्हणजे भाजलेल्या मातीवर कथिलाचं पांढरं ग्लेझ (काचेसारखा थर) चढवून त्यावर केलेलं रंगकाम. आम्ही ते आपल्या लाल मातीवर करून बघतोय. पहिल्या दोन खेपांतल्या टाइल्स गुलाबी का दिसतात, याचं उत्तर ग्लेझच्या बादलीत सापडत नव्हतं. कथिलाचं प्रमाण वाढवून झालं, थर जाड करून झाला, तरी कडा लालसरच. उत्तर होतं देरूतात, तेही ताटांच्या मागच्या बाजूला. म्हणून या नोंदीत आधी गाव, मग माती, आणि रंगकाम सगळ्यात शेवटी.

देरूता इटलीच्या उंब्रिया प्रांतात, पेरूजाच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर, टायबर नदीच्या खोऱ्याकडे तोंड करून टेकडीवर बसलेलं आहे. जुनं गाव वर. कारखाने आणि मोठी दुकानं बरीचशी खाली, व्हिया तिबेरिना रस्त्यालगत. तिथे जाणाऱ्यांनी खालच्या दुकानांत अडकू नये, सरळ वर जावं. १८९८ साली स्थापन झालेलं सिरॅमिक संग्रहालय आता सान फ्रान्चेस्कोच्या जुन्या मठात आहे. त्यात त्या चर्चची १५२४ सालची फरशी आहे, चांदणी आणि फुलीच्या आकाराच्या टाइल्स एकमेकींत बसवलेली. टाइल्सच्या झिजलेल्या कडा जवळून बघाव्यात. पांढरा थर किती पातळ आहे आणि त्याखालची माती कोणत्या रंगाची आहे, हे तिथे विनासायास दिसतं. माती लाल नाही. फिकट बदामी आहे, मारी बिस्किटासारखी.

सोळाव्या शतकातली मोठी शोभेची ताटंही अशीच वाचायची. समोर कथिलाचं पांढरं ग्लेझ, त्यावर निळी रेघ आणि सोनेरी झळाळी. मागे मात्र नुसतं पारदर्शक शिशाचं ग्लेझ, त्यातून माती सरळ दिसते. कथिल महाग, मग भिंतीकडे राहणाऱ्या बाजूला कशाला वाया घालवा? पाठीवरच्या बुडाच्या कड्याला दोन भोकं असतात, टांगायची दोरी ओवायला. नक्षीचे फोटो काढणारे खूप भेटतात. पाठीचे फोटो काढा, शिकण्यासारखं तिथे जास्त आहे.

आता माती. टायबरच्या खोऱ्यातली माती चुनायुक्त. भाजताना चुना मातीतल्या लोहाला बांधून घेतो, म्हणून लाल रंग उतरून बदामी होतो. दुसरा फायदा त्याहून मोठा: चुनायुक्त माती थंड होताना थोडी जास्त आकसते, त्यामुळे वरचं ग्लेझ दाबाखाली राहतं आणि त्याला बारीक चिरा पडत नाहीत. आपली नेहमीची लाल माती घेऊन वर कितीही चांगलं ग्लेझ चढवलं, तरी हे दोन्ही गुण वरून ओतता येत नाहीत.

तिसऱ्या खेपेसाठी कोरड्या लाल मातीत व्हायटिंग, म्हणजे बारीक कॅल्शियम कार्बोनेट, तीन प्रमाणांत मिसळलं: एक किलो मातीला १००, २०० आणि ३०० ग्रॅम. १०० मध्ये रंग गुलाबीच राहिला. ३०० मध्ये रंग सुंदर आला, पण चाकावर काठ फाटायला लागला आणि ११०० अंशांवर टाकलेला नमुना मधोमध बसला. चुन्याच्या मातीचं हेच दुखणं: पिकते तोवर ठीक, पुढच्या थोड्याशा अंशांत एकदम मऊ पडते. २०० ग्रॅमवर स्थिरावलो. लवचीकपणासाठी त्यात ५० ग्रॅम बॉल क्ले, म्हणजे बारीक, चिकट माती. दोन्ही पावडरी आधी पाण्यात कालवायच्या, मग मातीच्या राबडीत ओतायच्या, ८० मेशच्या चाळणीतून गाळायचं आणि प्लास्टरच्या परातीवर सुकवायचं. कोरडी पावडर मळून मिसळायला जाऊ नका, पांढऱ्या शिरा राहतात.

चाळणी वगळायची नाही, याला कारण आहे. आपल्याकडच्या नदीकाठच्या मातीत कंकर असतो. चुन्याचा ज्वारीएवढा खडा भट्टीत कळीचा चुना होतो, बाहेर आल्यावर हवेतली ओल पितो, फुगतो आणि आठवड्याभराने ग्लेझसकट टवका उडवतो. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की समजायचं, चाळणी चुकली. बारीक व्हायटिंग सगळीकडे सारखं पसरतं, म्हणून ते असा उपद्रव देत नाही.

बिस्क, म्हणजे ग्लेझ चढवण्याआधीची पहिली भाजणी (आणि त्यातून निघालेलं भांडं), ग्लेझपेक्षा जास्त तापवायचं. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट भांड्यांची, सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. पण चुन्यातला कार्बन डायऑक्साइड साधारण ७०० ते ९०० अंशांदरम्यान सुटतो, आणि तो बिस्कमध्येच पूर्ण गेला नाही तर ग्लेझमधून वाट काढतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं सोडून जातो. मायोलिकाचं ग्लेझ घट्ट असतं, वाहत नाही. म्हणूनच रेघ जागच्या जागी राहते, आणि म्हणूनच पडलेलं भोकही बुजत नाही. आमचा क्रम: ६०० पर्यंत तासाला ८० अंश, पुढे तासाला १००, ९०० वर अर्धा तास थांबा, १०६० वर दहा मिनिटं आणि बंद.

ग्लेझ शिशाशिवायचं. कोरडं वजन: कॅल्शियम बोरोसिलिकेट फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) ७५० ग्रॅम, सोडा फेल्डस्पार १३०, चायना क्ले १२०. त्यावर टिन (कथिल) ऑक्साइड ५० आणि झिर्कोनियम सिलिकेट ९०. नुसतं टिन वापरलं तर पांढरा रंग जास्त मऊ, लोण्यासारखा येतो, पण खिशाचा विचार करता निम्म्याहून अधिक काम झिर्कोनकडे दिलं आहे. नुसत्या झिर्कोनचा पांढरा बाथरूमच्या बेसिनसारखा थंड दिसतो, तेव्हा टिन पूर्ण काढू नका. या वजनाला साधारण ९५० मिली पाणी. १०० मिली ग्लेझचं वजन १५० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. त्यात ५ ग्रॅम सीएमसी (सेल्युलोजचा डिंक), आदल्या रात्री गरम पाण्यात भिजवून. ते नसलं तर कोरडं ग्लेझ खडूसारखं भुरभुरतं आणि ब्रशबरोबर निघून येतं. झाडाचा डिंकही चालतो, पण चार दिवसांत बादलीला वास मारतो.

इथे नवी अडचण उभी राहिली. चुन्याची माती सच्छिद्र. बिस्क पाणी इतक्या झपाट्याने ओढतं की तीन सेकंदांत थर दोन मिलिमीटरवर गेला. वाळताना त्याला तडे गेले आणि भट्टीत ग्लेझ आकसून बेटं झाली, मधे उघडी माती. टिन आणि झिर्कोन असलेलं वितळलेलं ग्लेझ स्वतःकडेच ओढ घेतं, त्याला एखादी चीर मिळाली की पुरे. उपाय साधा आहे: ओल्या स्पंजने बिस्क पुसून घ्यायचं (धूळही जाते), दोन सेकंद बुडवायचं, टाचणीने खरवडून थर मोजायचा. एक मिलिमीटरच्या आत हवा. दुसऱ्यांदा बुडवून थर वाढवू नये, दुसरा थर पहिल्याला उचलतो.

नक्षी उतरवायची देरूतातली जुनी रीत म्हणजे स्पोल्वेरो. कागदावर चित्र, रेघेवर सुईने दोन-दोन मिलिमीटरवर भोकं, वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी हलकेच आपटायची. भरतकामाचं ट्रेसिंग ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात नवं काही नाही. कोळसा भट्टीत जळून जातो. पेन्सिल चालते, नीळ मात्र वापरू नका. पुरचुंडीचं कापड जाड घ्या. पातळ मलमलीतून भुकटीचा ढग निघतो आणि रंग त्यावरून घसरतो.

रंगांत सगळ्यात जास्त चुका निळ्यात. कोबाल्ट कार्बोनेट नुसतं पाण्यात कालवून लावलं की जाड जागी काळं, खरखरीत, धातूसारखं येतं, कारण त्याला विरघळवायला खाली पुरेसं ग्लेझ नसतं. एक भाग कोबाल्टला तीन भाग फ्रिट घाला, काचेवर सुरीने दहा मिनिटं घोटा. पिवळ्या आणि नारिंगीसाठी तयार स्टेन (भट्टीत टिकणारी रंगपूड), एकास एक फ्रिट. जुना पिवळा शिसं आणि अँटिमनीचा होता, त्याच्या नादी लागू नये. हिरव्यासाठी तांबं वापरलंत तर रेघ पसरते, आणि त्या भांड्यात लिंबू-लोणचं वाढू नये. ब्रश लांब केसांचा, रंगाने पूर्ण भरलेला. कोरडं ग्लेझ टिपकागदासारखं असतं, मधे थांबलात की तिथे गाठ दिसते. चुकलेली रेघ पुसू नका, ब्लेडने खरवडा.

हात किती मोकळा हवा हे बघायचं तर देरूताच्या दक्षिणेला दोनेक किलोमीटरवरचं मादोन्ना देई बान्यी हे छोटं चर्च चुकवू नका. भिंतींवर नवसाच्या शेकडो टाइल्स, सर्वांत जुन्या १६५७ च्या. झाडावरून पडलेला माणूस, उधळलेला बैल, आजाऱ्याची खाट, कोपऱ्यात ढगात मादोन्ना आणि पी, जी, आर ही तीन अक्षरं: कृपा लाभली म्हणून. माणसाचा चेहरा पाच फटकाऱ्यांत, झाड सातात. संग्रहालयातल्या ताटांपेक्षा या टाइल्स नवख्या हाताला जास्त शिकवतात, असं आमचं मत. गोव्याला जाणाऱ्यांनी पणजीच्या मिनेझेस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या टाइल्स याच नजरेने बघाव्यात. त्याही कथिलाच्या पांढऱ्यावर रंगवण्याच्या याच घराण्यातल्या.

ग्लेझची भट्टी: ६०० पर्यंत तासाला १००, पुढे १५०, १०४५ वर वीस मिनिटं. थांबा दिला नाही तर चकाकी येते पण भोकं राहतात. दार १०० च्या खाली आल्याशिवाय उघडू नये.

सोनेरी झळाळी या यादीत नाही. ती तिसऱ्या, कमी तापमानाच्या धुरकट भट्टीत चांदी-तांब्याच्या लेपातून येते, आणि इलेक्ट्रिक भट्टीत धूर कोंडला तर एलिमेंट्स जातात. कुंभारकामावर पुस्तक लिहिणाऱ्या, इटलीतल्या कास्तेलदुरान्तेच्या पिकोलपास्सोने १५५७ च्या सुमारास लिहून ठेवलंय की शंभरातले जेमतेम सहा नग धड निघतात. तेही लाकडाच्या भट्टीत.

तिसऱ्या खेपेतल्या बारापैकी नऊ टाइल्स स्वच्छ निघाल्या. दोन कडेला आकसल्या, एकीवर कोबाल्ट काळा पडला. गुलाबी एकही नाही. चौथ्या खेपेत २५ सेंटिमीटरची ताटं: समोर पांढरं, मागे पारदर्शक, आणि बुडाच्या कड्याला दोन भोकं. भोकं माती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर पाडायची, ओलेपणी पाडली तर कडं वाकतं.