मस्कतला जाताय? आधी कप हलवायला शिका

बहीण मस्कतला असते, माझ्या तीन फेऱ्या झाल्यात, त्यामुळे ओळखीतलं कोणी ओमानला निघालं की मला फोन येतो, कपडे काय घेऊ गं? कपड्यांचं सोप्पंय. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की झालं, आपला सलवार कुर्ता तर उत्तमच. फक्त सुलतान काबूस ग्रँड मशिदीत बायकांना डोक्यापासून घोट्यापर्यंत आणि हात मनगटापर्यंत झाकावे लागतात, तेव्हा ओढणी मोठी आणि जाड न्या. मुस्लिम नसलेल्यांना सकाळी ८ ते ११ एवढ्याच वेळात आत जाता येतं, शुक्रवारी नाही. चुकवू नका मात्र, आतला गालिचा विणायला ६०० बायकांना चार वर्षं लागली, तो बघून मी किती वेळ नुसती उभीच होते.

पण खरी रीत कळते ती कोणाच्या घरी गेल्यावर. भावजींच्या ऑफिसमधल्या एका ओमानी मित्राने निझवा शहरात घरी बोलावलं, पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत बसले आणि आम्ही बायका आत, खाली गालिच्यावर. तळपाय कोणाच्या समोर येऊ द्यायचे नाहीत एवढं बघायचं. आधी खजूर आणि हलवा, मग काहवा, म्हणजे वेलची घातलेली कॉफी, बिनकानाच्या चिमुकल्या कपात अगदी तळाशी ओततात आणि संपली की परत ओततात, परत ओततात. पुरे झालं की कप हातातल्या हातात दोनदा हलवून परत द्यायचा. आपण नाही का जेवताना पानावर हात आडवा धरत, तसंच. आणि घेणं देणं सगळं उजव्या हाताने, हे तर आपल्याला प्रसाद घेताना लहानपणीच शिकवलेलं असतं.

पुरुषांनी बाईपुढे आपणहून हात करू नये, तिने केला तरच मिळवावा. मित्रालासुद्धा 'बायको कशी आहे' असं थेट नाही विचारायचं, 'घरचे कसे आहेत' म्हणायचं. रमजानमध्ये दिवसा रस्त्यात पाणीसुद्धा पिऊ नका, हे सगळ्यांनाच लागू आहे.

आणि प्लीज, न विचारता फोटो काढू नका!! मस्कतच्या मत्रा सूकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, एका टूरिस्टने दुकानात बसलेल्या आजींच्या तोंडासमोर मोबाईल धरला, त्यांनी पटकन तोंड फिरवलं, मला फार वाईट वाटलं.

निझवाला शेवटी त्या घरातल्या ताई धुपाटणं घेऊन आल्या, प्रत्येकीच्या ओढणीला धूर दिला, आपल्या हळदीकुंकवाला अत्तर लावतात तसा. बहीण हळूच म्हणाली, धूप फिरला, आता उठायचं.