आमची वाटचाल : हायड्रोमीटरपासून मिलीओहमपर्यंत

बॅटऱ्या बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या आमच्या फर्मला सव्वीस वर्षं झाली. त्यातला एक पावसाळा मला अजून झोपू देत नाही आणि या लेखातली जास्त जागा तोच घेणार आहे.

सुरुवात शिसं-अ‍ॅसिडवर झाली. भागीदार माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना काका म्हणायचे. प्लेटा बदलणं, प्लेटांमधले सेपरेटर बसवणं, शिशाचे कनेक्टर ओतणं, सगळं त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यांचा हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजायचं साधन, आजही माझ्या टेबलावर आहे. काचेच्या नळीत तरंगणारी काडी, तिच्यावर रंगीत पट्टे, रबरी फुगा तीनदा बदललेला. रीडिंग १.२६० च्या आसपास आलं की सेल भरलेला, १.१५० च्या खाली गेलं की उतरलेला. बॅटरीतल्या सहा सेलपैकी एकच पन्नास पॉइंट (म्हणजे ०.०५०) मागे असेल तर दुखणं तिथंच. "फुगा दाबला की सेल बोलतो," काका म्हणायचे. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लँते यांनी १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची गुंडाळी अ‍ॅसिडमध्ये बुडवून पहिली पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. त्या बॅटरीची रीत इतक्या वर्षांनीही फारशी बदललेली नाही, म्हणून काकांना तिचा फार भरवसा होता.

मधली वर्षं बरी गेली. काका निवृत्त झाले आणि मी लिथियमकडे वळलो. सेल निवडले ते लोह-फॉस्फेटचे. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये पुढे आणलेलं हे रसायन कोबाल्टवाल्या सेलपेक्षा उष्णता बरीच जास्त सोसतं. लोकांच्या घरात ठेवायची वस्तू आहे, तिथं मला दुसरा विचार करायचाच नव्हता.

चूक माझी झाली ती सवयीची. एका सप्लायरकडून दोन हजार सेलचा लॉट आला. नवं आवरण, स्वच्छ टोकं, प्रत्येक सेल मीटरवर ३.२८, ३.२९. आम्ही व्होल्टेज बघितलं आणि सेल जोडून पॅक बांधले. पण या सेलचा व्होल्टेज जवळजवळ रिकामा होईपर्यंत हलत नाही. वीस टक्के भरलेला आणि ऐंशी टक्के भरलेला सेल मीटरवर जवळपास सारखेच दिसतात. शिसं-अ‍ॅसिडच्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. मला जो वेळ लागला त्याची किंमत सत्तेचाळीस गिऱ्हाइकांनी मोजली.

त्या पावसाळ्यात पहिल्यांदा आल्या त्या दवाखान्याच्या ताई. त्यांच्याकडे वीज गेली की लशींचा फ्रिज आमच्या पॅकवर चालतो. दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेला की लस वाया. ताईंनी प्रत्येक वेळी वीज कधी गेली, पॅक किती चालला, हे वहीत लिहिलं होतं. वही माझ्यासमोर उघडून म्हणाल्या, "दादा, बघा. आधी सहा तास, मग साडेचार, परवा पन्नास मिनिटं. फ्रिजचं दार मी उघडलेलं नाही."

त्या रात्री पॅक खोलला. चार गटांतला एकच गट खचला होता. चार्जिंगला तो सगळ्यांआधी ३.६५ व्होल्टला पोचायचा आणि बीएमएस, म्हणजे पॅकची राखण करणारा सर्किट बोर्ड, चार्जिंग तोडायचा. लोडवर तोच आधी २.५ ला यायचा आणि पुन्हा तोड. बाकीच्या तीन गटांत ताकद असून उपयोग शून्य. उरलेल्या सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स मोजला तर कुठे सहा मिलीओहम, कुठे अठरा. एका लॉटचा नवा माल असा कधीच नसतो. एकाचं आवरण ब्लेडने सोललं, तर ऋण टोकाला जुन्या वेल्डचे चार ठिपके, वरून घासून गुळगुळीत केलेले. वापरलेले सेल नवं आवरण चढवून आम्हाला विकले होते. सप्लायरने फोन उचलणं बंद केलं.

सत्तेचाळीसही पॅक परत आणले, सगळे नव्याने बांधून दिले. व्हॅन विकली, दोन मशीनं विकली. त्याच महिन्यात आमच्याच धंद्यातला एकजण गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन सांगत होता, "यांचे पॅक पेटतात." आमचा एकही पॅक कधी पेटलेला नाही. पुढे त्याचा एक पॅक आमच्याकडे दुरुस्तीला आला. लेबलवर १००, चाचणीत ६२ अ‍ॅम्पिअर-तास. निकेलची म्हणून लावलेली पट्टी लोखंडाची, वरून मुलामा. चुंबकाने हे कळत नाही, कारण निकेलही चुंबकाला चिकटतं. पट्टी ओरखडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची. सकाळी तांबूस गंज आला की समजायचं.

तुम्हीही पॅक घेताना लेबल वाचून थांबू नका, डिस्चार्ज चाचणीचा कागद मागा. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर अर्धा भरून थंड जागी ठेवा. शून्य अंशाखाली चार्ज करू नका, आत लिथियम धातू साचतो आणि तो नीट परत फिरत नाही. घरात शिसं-अ‍ॅसिडची असेल तर ती उतरलेली तशीच सोडू नका, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. डिस्टिल्ड वॉटर पूर्ण चार्ज झाल्यावर घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील इतकं घाला.

आता प्रत्येक सेल आमच्याकडे तीन पायऱ्यांतून जातो : रेझिस्टन्स, पूर्ण चार्ज-डिस्चार्ज, पंधरा दिवस नुसतं ठेवून व्होल्टेज किती उतरला ते. वेळ जातो, मुलं कुरकुरतात, मी ऐकत नाही. ताईंच्या वहीतली शेवटची नोंद पाच तास पन्नास मिनिटांची आहे.

सत्तेचाळीसांपैकी एकतीस गिऱ्हाइकं आजही आमच्याकडे आहेत. सोळाजण त्या माणसाचं ऐकून गेले. त्यांना बदलून दिलेल्या पॅकच्या चाचणीचे कागद मी फाइलला जपून ठेवले आहेत, त्यांनी कधीही येऊन बघावेत.